एकच स्वयंपाक, दोन शरीरं: आपल्या ताटाचं आणि व्यायामाचं माप कसं काढायचं

प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, उंची १५८ सेंमी, वजन ६९ किलो, कंबर ९१ सेंमी. बँकेत टेबलावरचं काम. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या रक्तातल्या साखरेचा अंदाज) ६.१, हिमोग्लोबिन १०.४, औषध कुठलंच चालू नाही. एकत्र कुटुंब, मोठी माणसं सहा, जेवण शाकाहारी पण अंडी चालतात. धाकट्या जावेबरोबर (वय ३६, उंची १६५, सुरुवातीचं वजन ८१, दिवसभर घरच्या दुकानात उभी) चार महिन्यांपूर्वी तेच जेवण आणि पहाटे तेच ४५ मिनिटं चालणं सुरू केलं. जावेचं सहा किलो उतरलं, माझं जेमतेम अर्धा. माझ्या शरीराला नक्की काय हवंय हे ओळखायचं कसं?

उत्तर:

आधी बेरीज-वजाबाकी करू. नुसतं पडून राहिलं तरी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिचा अंदाज मिफ्लिन–सेंट जिओर या १९९० च्या सूत्राने काढतात. बायकांसाठी वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंमी) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. पुरुषांसाठी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे. तुमचा आकडा सुमारे १३०० येतो, जावेचा १५००. त्याला दिवसभराच्या हालचालीने गुणायचं. खुर्चीवरचं काम आणि सकाळचं चालणं धरून तुमचा गुणक १.४, दिवसभर उभं राहणं, माल काढणं-ठेवणं याला १.६. म्हणजे तुमचा रोजचा खर्च साधारण १८०० कॅलरी, तिचा २४००. दोघींच्या पोटात १८०० च्या आसपास जात असेल तर तिला रोज ६०० ची तूट पडते आणि तुमचा जमा-खर्च तंतोतंत जुळतो. बँकेत जुळलेला हिशेब चांगला, इथे नाही.

या सूत्रावर फार विसंबू नका. ते दहा टक्के इकडेतिकडे सहज चुकतं. कागदावर जावेचं चार महिन्यांत नऊ किलो उतरायला हवं होतं, उतरलं सहा. कारण वजन घटलं की खर्चही घटतो, शरीर नकळत हालचाल आवरतं घेतं, आणि कुणीच रोज तोलून जेवत नाही. सूत्र फक्त दिशा दाखवतं. आणखी एक आकडा लक्षात असू द्या: तुमच्या वजनाला ४५ मिनिटं भरभर चालण्याचे निव्वळ १५० कॅलरीच पडतात. दोन चमचे साखर आणि अर्धा कप म्हशीचं दूध घातलेल्या दीड कप चहात त्या परत येतात.

पण तुमच्या प्रश्नात वजनापेक्षा महत्त्वाचे तीन आकडे आहेत: ९१, ६.१ आणि १०.४.

कंबरेपासून सुरुवात करू. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंमी आणि पुरुषांसाठी ९० सेंमी ही धोक्याची रेषा मानतात. शिवाय कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, म्हणजे तुमची ७९ च्या आत. बीएमआयचीही (वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आपली रेषा वेगळी आहे, २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. (तुमचा २७.६.) याचं कारण समजून घ्यायला पुण्याचंच उदाहरण आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे फोटो शेजारी-शेजारी छापून आले. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. म्हणून तुमच्या बाबतीत ‘किलो किती उतरले’ यापेक्षा ‘कंबर किती उतरली आणि स्नायू टिकले का’ हे पाहायचं. चेन्नईत झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या अभ्यासात साखर सीमेवर असलेल्यांपैकी नुसत्या सल्ल्यावर ठेवलेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, आहार-व्यायाम सांभाळणाऱ्या गटात ३९ टक्क्यांना. आणि तो फरक वजनात म्हणावी अशी घट न होता पडला.

आता ६.१ आणि १०.४ एकत्र वाचायला हवेत. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, हे खरं. पण लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, आणि बायकांमध्ये १२ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे पंडुरोगच. त्यामुळे या एका अहवालावर घाबरायचंही नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही. उपाशीपोटीची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर तपासा. १०० च्या खाली आणि १४० च्या खाली असं आलं तर ६.१ मागे लोहाचा हात असण्याची शक्यता मोठी. सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. हिमोग्लोबिन १०.४ बीट-खजुराने वर येत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्या लागतील आणि ते का घटलं हेही शोधावं लागेल. पाळीत सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, गुठळ्या, तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं यातलं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आधी जा, आहाराचं नंतर बघू. घरी करण्यासारखी गोष्ट एकच: जेवणाबरोबर आणि पुढे तासभर चहा नको, पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा.

आता ताट. सहा माणसांच्या घरात कोण किती खातं ते कळत नाही, म्हणून तीन दिवस भांड्यात जाणारा कच्चा माल स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. शिजलेली वाटी मोजण्यात अर्थ नसतो. तुमच्याकडची आमटी पातळ की घट्ट हे वाटीला ठाऊक नसतं. सहा जणांना १२० ग्रॅम तूरडाळ लावली तर माणशी २० ग्रॅम आली आणि त्यातून प्रथिनं मिळाली साडेचार ग्रॅमच्या आत. दोन पोळ्यांतून सहा, भातातून साडेतीन, भाजीतून दोन. ‘वरण-भात, भाजी-पोळी’ हे पूर्ण जेवण १६ ग्रॅमवर थांबतं. अशी दोन जेवणं, सकाळचे पोहे आणि चहातलं दूध धरून दिवसाची बेरीज कशीबशी ४० ग्रॅम होते.

गरज किती? आयसीएमआर–एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, पण ती तब्येत ठाकठीक असलेल्या आणि वजन न उतरवणाऱ्या माणसासाठी. वजन उतरवताना स्नायू राखायचे तर १.२ च्या आसपास हवं. हे आजच्या वजनावर नाही तर उंचीला साजेशा वजनावर काढायचं. तुमच्या उंचीला ते ५७ किलो, म्हणजे रोज ६५ ते ७० ग्रॅम. तूट २५ ते ३० ग्रॅमची. ती भरायला पावडरचा डबा लागत नाही. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, ४० ग्रॅम कच्च्या मटकीच्या किंवा मुगाच्या उसळीतून ९, वाटीभर (२०० ग्रॅम) दह्यातून ६, ३० ग्रॅम फुटाण्यांतून ६. अंड्याचा वार नसेल त्या दिवशी ४० ग्रॅम बेसनाचं पिठलं साडेआठ देतं, २५ ग्रॅम सुके सोयाबीन वडे भिजवून भाजीत घातले तर १३. शेंगदाण्यांवर भिस्त ठेवू नका: २५ ग्रॅम दाण्यांतून ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात खरी, पण सोबत १४० कॅलरी येतात, आणि दाण्याचा कूट आपण मोजून कधीच घालत नाही.

भाकरीबद्दलचा एक गैरसमज इथेच काढून टाकते. ज्वारी चांगली, प्रश्नच नाही. पण ३० ग्रॅम कणकेची पोळी १०० कॅलरीची असते आणि ७० ग्रॅम पिठाची भाकरी सव्वादोनशेच्या वर. ‘पोळी सोडली, भाकरी धरली’ म्हणत दोनाच्या जागी दोनच खाल्ल्या तर खाणं दुपटीच्या वर गेलं. एक भाकरी, घट्ट उसळ आणि ताक हे उत्तम जेवण आहे. दोन भाकऱ्या, ठेचा आणि पातळ आमटी हे शेतात दिवसभर राबणाऱ्याचं.

तेलाचा हिशेब महिन्याच्या यादीवरून करा. सहा माणसांना महिन्याला सात लिटर लागत असेल तर माणशी रोज ३९ मिली, म्हणजे सव्वातीनशे कॅलरी नुसत्या फोडणी-तळणीच्या. साडेचार लिटरवर आणलं की प्रत्येकाचे रोज शंभरेक वाचतात, आणि चव फारशी बदलत नाही. फोडणीत बाटली तिरकी न करता चमचा वापरायचा, एवढंच.

एकत्र घरात वेगळा स्वयंपाक मागणं टिकत नाही, आठवड्याभरात कुणाचं तरी डोकं फिरतं. स्वयंपाक एकच ठेवा, वाढणं वेगळं करा. तुमच्या ताटात उसळ किंवा घट्ट वरण दोन वाट्या, भाजी आणि कोशिंबीर भरपूर, दोन पोळ्या किंवा एक भाकरी, भात दोन घास किंवा नाही. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, भात सर्वांत शेवटी. या क्रमानेसुद्धा जेवणानंतरची साखर कमी चढते. जावेच्या ताटात अजून एक पोळी बसते, तिच्याकडे बघून स्वतःची कमी-जास्त करू नका. रोज ३०० कॅलरीची तूट पडली तर महिन्याला किलोच्या आसपास उतरेल. तुमच्या उंचीला आणि कामाला हाच वेग योग्य आहे. दिवसाचं खाणं १२०० कॅलरीच्या खाली नेऊन तो वाढवू नका. हिमोग्लोबिन आधीच कमी आहे.

दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं-थोडं, यावर व्हॉट्सॲपवर दोन पंथ आहेत आणि दोन्हीकडे बारीक झालेली माणसं आहेत. एकूण खाणं ज्या पद्धतीत आपोआप आटोक्यात येतं ती आपली. तुम्ही साडेसातला घरी येऊन फरसाणाचा डबा उघडत असाल तर साडेपाचला फुटाणे आणि ताक घेणं हा पंथ नाही, बंदोबस्त आहे.

आता मुख्य भाग. पिठूळ पदार्थ कुणाला किती सोसतात यात माणसामाणसांत खरोखर मोठा फरक असतो. इस्राएलच्या वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० जणांची साखर आठवडाभर सतत मोजली, तेव्हा तोच पदार्थ खाऊन एकाची साखर उसळली आणि दुसऱ्याची जागची हलली नाही, असं दिसलं. तुमचा भात तुम्हाला किती चढतो ते कळायला महागडा सेन्सर लागत नाही, साधा ग्लुकोमीटर पुरतो. तीन प्रकारची रात्रीची जेवणं घ्या. पहिलं नेहमीचं: दोन पोळ्या, भात, वरण, भाजी. दुसरं तेवढंच, पण भाताच्या जागी उसळ. तिसरं पुन्हा पहिल्यासारखंच, पण उठल्यावर लगेच १५ मिनिटं चालणं. प्रत्येक प्रकार दोनदा, एकूण सहा रात्री. साखर जेवणाआधी, पहिल्या घासापासून एक तासाने आणि दोन तासांनी मोजायची, आणि ताटात काय होतं ते ग्रॅममध्ये लिहायचं.

इथे चुका ठरलेल्या असतात. बोटाला आंबा-केळ्याचा अंश असेल तर आकडा खूपच जास्त दाखवू शकतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. टोचायचं बोटाच्या कडेला, मऊ गादीवर नाही. थेंब येत नाही म्हणून बोट पिळू नका, हात खाली सोडून थोडं थांबा. पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर दमट हवेने त्या बिघडतात. आणि सर्वांत मोठी चूक आकडा वाचण्याची: चांगल्या ग्लुकोमीटरलाही १५ टक्के चुकीची मुभा असते, म्हणून १४२ आणि १५५ मधला फरक हा फरकच नव्हे. दोन्ही वेळच्या सरासरीत २५–३० चं अंतर दिसलं तरच ‘मला भात चढतो’ असं म्हणा. बऱ्याचदा असं दिसतं की भात सोडायची गरज नव्हती, जेवून सोफ्यावर बसणं सोडायचं होतं.

व्यायामाचं चित्र यातूनच ठरतं. सगळं चालणं पहाटेवर ढकललंय ते फोडा. रोज रात्री जेवणानंतर १५ मिनिटं, गच्चीवर किंवा सोसायटीतल्या सोसायटीत. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी ३० मिनिटं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी चालण्याऐवजी २५ मिनिटं ताकदीचा व्यायाम. रविवार सकाळ मोकळी. चालणं आठवड्याला १९५ मिनिटं होतं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या १५० मिनिटांच्या वरच.

वेग ठरवायला घड्याळावरच्या ठोक्यांवर विसंबू नका. २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र तुम्हाला कमाल १७८ ठोके देतं, पण त्यात दहा-बारा ठोक्यांची चूक सहज असते, आणि पंडुरोगात तेवढ्याच श्रमाला नाडी जास्त धावते. बोलून बघा: चालताना वाक्य पुरं करता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो तुमचा वेग. हिमोग्लोबिन ११ च्या वर येईपर्यंत त्याहून जोर लावू नका. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.

ताकदीसाठी जिम नसली तरी चालेल. पाच हालचाली पुरेत. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, बसताना तीन आकडे मोजत हळू. स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून जोर काढणं. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून कोपरं मागे खेचणं. पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरून, पाठ सरळ ठेवून, कंबरेतून पुढे वाकणं आणि उभं राहणं. शेवटी सहा-सहा लिटर पाण्याच्या दोन बादल्या घेऊन २०–३० मीटर चालणं. पहिल्या चारांचे दोन-दोन सेट, प्रत्येकी ८ वेळा. सेट संपला तेव्हा अजून दोन-तीन निघाले असते असं वाटलं पाहिजे. पाच-सहा निघाले असते असं वाटलं तर ते सोपं झालंय. १२ पर्यंत पोहोचलात की तिसरा सेट, मग वजन वाढवा. बहुतेकांचं इथेच अडतं: सहा महिने तेच एक किलोचे गुलाबी डंबेल्स. हातात पिशव्या घेऊन तीन जिने चढणाऱ्या बाईला एक किलोने काय होणार?

गुडघा कुरकुरला तर व्यायाम सोडू नका, खुर्चीवर घडी घातलेली सतरंजी टाकून उंची वाढवा. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं, जे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जातं, ते चालतं. त्याहून जास्त किंवा सूज आली तर मात्र फिजिओथेरपिस्टला दाखवा.

मोजणी. वजन रोज सकाळी शौचानंतर करा, पण बघायची आठवड्याची सरासरी. पाळीआधी, लोणचं-पापडाच्या जेवणानंतर, किंवा ताकदीचा व्यायाम नव्याने सुरू केल्यावर एक-दोन किलो पाणी धरलं जातं. ती चरबी नव्हे. कंबर आठवड्यातून एकदा: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, सहज श्वास सोडून झाल्यावर, टेप जमिनीला समांतर. बेंबीवर किंवा सलवारीच्या नाडीवर मोजलं तर आकडा दर वेळी वेगळा येतो. त्याच दिवशी ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं तेही लिहा. आणि एका वेळी एक-दोनच बदल करा, चार आठवडे थांबा. पहिले चार आठवडे प्रथिनं आणि रात्रीचं चालणं, पुढचे चार तेल आणि चहातली साखर, असं. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळतच नाही, मग आपण नको ते सोडतो आणि नको ते धरून बसतो. चार आठवड्यांत कंबर सेंटिमीटरभर घटली आणि वजन तेवढंच राहिलं, तर काहीही बदलू नका.

हे माप तुमचं आहे, ते पुढे पाठवू नका. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना एवढी प्रथिनं चालत नाहीत. त्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना कमी सोडियमचं मीठही धोक्याचं, कारण त्यात पोटॅशियम असतं. ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने परस्पर भात कमी केला, उपास धरला किंवा चालणं वाढवलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते, आधी डोस बदलावा लागतो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. साठीच्या, सडपातळ, स्नायू ओघळलेल्या सासूबाईंना तर तुमच्या उलट हवं: खाणं वाढवून ताकदीचा व्यायाम. साबुदाण्याची खिचडी कुणाचीच ‘हलकी’ नसते, ६० ग्रॅम साबुदाणा, दाणे आणि तूप मिळून चारशे कॅलरी होतात आणि प्रथिनं पाच ग्रॅम, तीही दाण्यांची. तुम्हाला उपास करायचाच तर राजगिरा, दूध, ताक.

एचबीए१सी पुन्हा तीन महिन्यांनी करा, त्याआधी नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. मात्र तोवर लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर नव्या पेशींमुळे तो आकडा आपोआपही खाली येईल. ५.७ आला म्हणून पेढे वाटण्याआधी ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर पुन्हा तपासा.